दुबईतला फ्लॅट आणि वाडीतली कलमं : परक्या मुलखातल्या मालमत्तेविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा आहे. बहुतेकांना परदेशात घर घ्यायचं आहे किंवा घेतलेलं सांभाळायचं आहे. एक पत्र मात्र उलट्या वाटेचं आहे. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भावाला गावात जमीन हवी आहे. दोन्ही बाजूंनी गाडी तीनच गोष्टींवर अडते : पैसा कुठल्या वाटेने गेला, कागदावर नाव कोणाचं आहे आणि त्या नावाचा माणूस त्या दिवशी कायद्याने 'निवासी' होता की नव्हता.

प्रश्न : आमची हापूसची दीडशे कलमं आहेत, त्यावरच घर चालतं. मुंबईत एका हॉटेलातल्या प्रदर्शनात दुबईचा वन बीएचके पाहिला. बांधकाम चालू आहे. किंमत ९ लाख दिरहॅम, ४० टक्के दोन वर्षांत हप्त्यांनी, ६० टक्के ताबा घेताना. एजंट म्हणतो, बुकिंग आत्ता क्रेडिट कार्डाने करा, बाकीचं मागाहून बघू. पुढच्या हप्त्यांना बागेवर कर्ज काढलं तर चालेल का? — एक बागायतदार, दापोली

उत्तर : कार्ड खिशातच ठेवा. परदेशात स्थावर घेणं हा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या भाषेत भांडवली व्यवहार आहे आणि निवासी भारतीयाने तो बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतूनच करायचा असतो. कार्डाने हॉटेलचं बिल भरता येतं, फ्लॅट घेता येत नाही. एजंटाचं कमिशन बुकिंग झाल्यावर सुटतं, नोटीस मात्र तुमच्या पत्त्यावर येते. कर्जाचंही तसंच. एलआरएसखालच्या भांडवली व्यवहारासाठी बँकेने कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. बागेवर शेतीच्या नावाने कर्ज उचलून ते दुबईला पाठवणं म्हणजे कर्जाच्या अटी आणि फेमा, दोन्ही एकदम मोडणं.

आता वाट सांगतो. माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलर ही मर्यादा आहे. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे ९ लाख दिरहॅम होतात २ लाख ४५ हजार डॉलर. मर्यादेत बसलं, असं वाटतं. पण दुबईच्या भूमी विभागाची ४ टक्के नोंदणी फी, म्हणजे ३६ हजार दिरहॅम, त्यात धरली की आकडा २ लाख ५४ हजारांच्या पुढे जातो. सगळी रक्कम एकाच वर्षात एकाच्या नावाने पाठवायची म्हटली तर इथेच अडतं. हप्त्यांत अडणार नाही. पत्नीची मर्यादाही जोडता येते, पण तिचं नाव खरेदी करारात सहमालक म्हणून असेल तरच. नाव एकाचं आणि पैसे घरातल्या चौघांचे, हे भांडवली व्यवहारात चालत नाही.

पैसे पतसंस्थेतून किंवा परकीय चलनाचा परवाना नसलेल्या सहकारी बँकेतून जाणार नाहीत. परवानाधारक बँकेत खातं लागेल, तेही साधारण वर्षभर जुनं. नवं असेल तर बँक आधीच्या खात्याचे उतारे आणि विवरणपत्रं मागते. आंब्याचे पैसे पेटीमागे रोख येत असतील आणि खात्यात दिसत नसतील तर बँकेच्या टेबलावर पहिला खोळंबा इथे होतो. म्हणून वाशीच्या दलालाच्या पट्ट्या आणि कॅनिंगवाल्याच्या पावत्या जपून ठेवा आणि रक्कम खात्यातच घ्या. पाठवताना ए-२ फॉर्म भरायचा. त्यात हेतूचा कोड एस०००५, म्हणजे परदेशातली स्थावर मालमत्ता. घाईत कारकून 'नातेवाइकांचा निर्वाह' किंवा 'भेट' टाकून देतो. तो दुरुस्त करून घ्या. पुढे फ्लॅट विकून पैसे परत आणताना हीच चिठ्ठी विचारली जाते.

यानंतर टीसीएस. वर्षात १० लाख रुपयांवर जेवढी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. दिरहॅम २४ रुपयांचा धरू. ताब्याच्या वेळचे ५ लाख ४० हजार दिरहॅम म्हणजे १ कोटी २९ लाख ६० हजार रुपये. त्यातून १० लाख वजा, उरलेल्यावर २० टक्के : २३ लाख ९२ हजार. हा पैसा बुडत नाही, पण त्या दिवशी खात्यात दीड कोटीच्या वर रक्कम हवी. पगारदार माणूस हा टीसीएस पगारातल्या करातून वळता करून घेऊ शकतो. तुमचं उत्पन्न शेतीचं, त्यावर प्राप्तिकरच नाही, त्यामुळे वळता करायला काहीच नाही. विवरणपत्र भरायचं आणि परताव्याची वाट बघायची. एप्रिलमध्ये पाठवलेल्या रकमेचा परतावा हातात यायला सव्वा-दीड वर्ष सहज जातं. तेवढ्या काळाची फवारणी, खतं, राखण आणि मजुरी वेगळी काढून ठेवली नसेल तर दुबईच्या ताब्यापायी इथली बाग उपाशी राहील. ताब्याची तारीख फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येत असेल तर बिल्डरशी बोलून निम्मी रक्कम ३१ मार्चच्या आत आणि निम्मी १ एप्रिलनंतर द्या. १० लाखांची सूट दोनदा मिळते आणि पहिल्या निम्म्याचा परतावा वर्षभर आधी येतो.

बिल्डरची तपासणी दापोलीत बसूनही होते. दुबई भूमी विभागाच्या 'दुबई रेस्ट' ॲपवर प्रकल्पाचं नाव घाला. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, बांधकाम किती टक्के झालं आणि एस्क्रो खातं, म्हणजे त्या प्रकल्पापुरतंच राखलेलं खातं, कुठल्या बँकेत आहे, हे दिसतं. दुबईच्या २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्याने ग्राहकाचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जायला हवेत. तुमच्या हातातल्या पावतीवरचं लाभार्थी खातं त्या प्रकल्पाच्या नावाचं नसून बिल्डरच्या साध्या कंपनी खात्याचं किंवा एजंटाचं असेल तर तिथेच थांबा. पहिला हप्ता गेल्यावर 'ऊकूद' म्हणजे अंतरिम नोंदणीचा कागद तुमच्या नावाने यायला हवा. तो येईपर्यंत तुमच्याकडे फक्त पावती आहे, फ्लॅटवर हक्क नाही. फ्लॅट फ्रीहोल्ड, म्हणजे कायम मालकीचा आहे की ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, हेही बघा. परदेशी माणसाला दुबईत ठरवून दिलेल्या भागांतच फ्रीहोल्ड मिळतो.

हप्ता चुकला तर? बिल्डर भूमी विभागाला कळवतो, ३० दिवसांची नोटीस येते आणि मग करार मोडू शकतो. बांधकाम ८० टक्क्यांच्या पुढे गेलेलं असेल तर किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम तो ठेवून घेऊ शकतो. बांधकाम ६० टक्क्यांच्या आत असेल तर २५ टक्क्यांपर्यंत. ही टक्केवारी फ्लॅटच्या किमतीवर आहे, तुम्ही भरलेल्या रकमेवर नाही, हे नीट ध्यानात घ्या. तुमच्या योजनेत ताब्याआधी ४० टक्केच भरायचे आहेत. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर हात वर केले तर भरलेलं सगळंच जाऊ शकतं.

हप्ते न चुकवायचं ठरवलं तरी नियम मधेच बदलू शकतात. ऑगस्ट २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने एलआरएसची मर्यादा २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली आणि परदेशात घर घ्यायला ही योजना वापरायलाच बंदी घातली. २०१४ मध्ये ती सैल झाली. अधल्या मधल्या काळात ज्यांचे हप्ते लागले होते त्यांची अवस्था काय झाली असेल, ते समजून घ्या. निव्वळ आंब्यावर चालणाऱ्या घराने, जिथे एक अवकाळी पाऊस मोहोर झाडून नेतो, साठ टक्के शेवटी भरायची योजना घेऊ नये, असं आमचं मत. घ्यायचंच तर तयार फ्लॅट, लहान, आणि हातात असलेल्या पैशांत.

प्रश्न : मुलगा परदेशी कंपनीच्या जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. त्याने दुबईत घेतलं तर हे सगळं त्यालाही लागू का? — एक पालक, देवगड

उत्तर : नाही. एलआरएस ही निवासी भारतीयांची योजना आहे. फेमाच्या दृष्टीने तो अनिवासी असेल आणि परकीय चलनातला पगार एनआरई, म्हणजे अनिवासींच्या बाहेरच्या कमाईच्या खात्यात येत असेल, तर त्या खात्यातून तो बाहेर पैसे नेऊ शकतो. अडीच लाखांची मर्यादा नाही, हा टीसीएसही नाही. मात्र तुमचे पैसे त्याच्या एनआरई खात्यात भरू नका. निवासी वडिलांनी रुपयांत दिलेली भेट एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या पैशांच्या खात्यात जाते आणि ती तुमच्या एलआरएस मर्यादेत मोजली जाते. प्राप्तिकरासाठी त्याचे दिवस सीडीसीवरच्या, म्हणजे दर्यावर्दीच्या सेवापुस्तकातल्या साइन-ऑन, साइन-ऑफच्या तारखांवरून मोजतात. त्या पानांची स्कॅन प्रत घरी ठेवा. जहाजावर गेलेलं पुस्तक हवं तेव्हा हाताशी नसतं.

प्रश्न : मी २२ वर्षं आखातात नोकरी केली. तिथे असताना दुबईत स्टुडिओ फ्लॅट घेतला. आता कायमचा गावी आलो. तो विकावा लागेल का? भाडं तिथल्याच बँकेत पडतं. दुबईत कर नाही, मग इथे दाखवायचं कशाला? — खेड

उत्तर : विकायची गरज नाही. फेमाच्या कलम ६(४) प्रमाणे अनिवासी असताना घेतलेली परदेशातली मालमत्ता परत आल्यावरही ठेवता येते. तिचं भाडं तिथे ठेवता येतं, तिथेच पुन्हा गुंतवताही येतं. तुमचा तो हक्क कागदाने सिद्ध व्हायला हवा, म्हणून टायटल डीडची प्रत, तेव्हाचा व्हिसा, पगाराचे उतारे आणि पासपोर्टची शिक्क्यांची पानं एकत्र बांधून ठेवा. जुना पासपोर्ट पेटीच्या तळाशी कुबट होऊ देऊ नका. याच कामासाठी तो लागतो.

कराचं म्हणाल तर तुमची समजूत चुकते आहे. परत आल्यावर पहिली दोन, क्वचित तीन वर्षं तुम्ही 'निवासी पण साधारण निवासी नाही' या वर्गात बसता. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस मिळून ७२९ च्या आत असतील, तर हा वर्ग मिळतो. त्या काळात परदेशातल्या फ्लॅटचं भाडं इथे करपात्र नाही. तो वर्ग संपला की जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र होतं. दुबईत कर शून्य असल्यामुळे वजावट मिळवायला तिथे भरलेला करही नसतो. भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, उरलेल्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर.

विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा 'शेड्यूल एफए' नावाचा भाग हा वर्ग संपेल त्याच वर्षापासून भरायचा. 'सहज' फॉर्मात तो नसतो, त्यामुळे गावातल्या सेवा केंद्रात नेहमीचा सोपा फॉर्म भरून येऊ नका. एफएमधली माहिती आर्थिक वर्षाची नसून जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाची असते. बहुतेकांची चूक इथे होते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड आहे, भाडं शून्य असलं तरी. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण स्थावर मालमत्ता त्या सवलतीतून वगळली आहे. बँक खातं सुटेल, फ्लॅट सुटणार नाही. पत्नीचं नाव जोडलेलं असेल तर तिच्या विवरणपत्राचाही विचार करा. 'ती तर घरीच असते' हे उत्तर विभागाला पुरत नाही.

आणि एनआरई खातं. परत आल्यावर ते तसंच चालू ठेवणारे कोकणात वाडीगणिक सापडतात. बँकेला कळवून ते निवासी खात्यात किंवा आरएफसी, म्हणजे निवासी माणसाच्या परकीय चलनाच्या खात्यात बदलून घ्या.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला शिकते. भाड्यात पैसे जातात, त्यापेक्षा दोन लाख पौंडांचा फ्लॅट आम्ही आई-वडिलांनी घेतला तर? आमचं चिपळुणात घर आहे. — चिपळूण

उत्तर : तुमच्या नावाने घेतलात तर इंग्लंडची स्टॅम्प ड्यूटी तीन थरांनी लागते. नेहमीचा दर १ लाख २५ हजार पौंडांपर्यंत शून्य, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत २ टक्के. त्यावर दुसऱ्या घराचा अधिभार ५ टक्के. चिपळूणचं घर इथे 'पहिलं घर' म्हणून मोजलं जातं, कारण जगात कुठेही असलेलं घर ते धरतात. त्यावर अनिवासी खरेदीदाराचा अधिभार २ टक्के. हिशेब : पहिल्या १ लाख २५ हजारांवर ७ टक्क्यांनी ८,७५० आणि उरलेल्या ७५ हजारांवर ९ टक्क्यांनी ६,७५०. एकूण १५,५०० पौंड, म्हणजे राहायला जाण्याआधीच वर्षा-दीड वर्षाचं भाडं संपलं.

मुलीच्या नावाने, ती स्वतः तिथे राहणार असेल तर चित्र बदलतं. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत ही ड्यूटी शून्य आहे. खरेदीआधीच्या बारा महिन्यांत ती १८३ दिवस तिथे राहिली असेल तर अनिवासी अधिभारही नाही. पण ही सवलत जगात कुठेही, कधीही घराची मालकी नसलेल्यालाच मिळते, आणि वारशाने आलेला हिस्साही त्यात मोजतात. आजोबांच्या पश्चात चिपळूणच्या घराच्या असेसमेंटला किंवा मालमत्ता पत्रकाला तिचं नाव वारस म्हणून लागलं आहे का, ते आधी काढून बघा. लागलं असेल तर सवलत गेली. कोकणात घरावर आठ-दहा नावं असतात आणि आपलं नाव त्यात आहे हे मुलांना ठाऊकच नसतं.

पैसे तुम्ही तिला एलआरएसखाली भेट म्हणून पाठवाल. १० लाखांवर २० टक्के टीसीएस आहेच. फ्लॅट तिचा होईल, तुमचा नाही. हे मनाला पटत असेल तरच करा.

इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात, म्हणजे इमारत आणि जमीन दुसऱ्याची, तुम्ही ठरावीक वर्षांचे पट्टेदार. उरलेली वर्षं ८० च्या खाली गेली की मुदत वाढवणं महाग पडतं आणि पुढच्या ग्राहकाला कर्ज मिळणं अवघड होतं. सॉलिसिटरला पहिल्यांदा हेच विचारा, त्यानंतर सर्व्हिस चार्ज आणि बाहेरच्या भिंतींच्या आगरोधक तपासणीचे कागद. शिक्षण संपून ती परत आली आणि फ्लॅट भाड्याने दिला, तर भाडेकरू किंवा एजंट २० टक्के कर कापून घेतो. विकल्यावर नफा असो-नसो, अनिवासी मालकाला ६० दिवसांत तिथल्या कर खात्याला कळवावं लागतं.

प्रश्न : थायलंडमध्ये समुद्राकाठची जमीन वेंगुर्ल्यापेक्षा स्वस्त मिळते आहे. तिथला ओळखीचा माणूस स्वतःच्या नावावर घेऊन आम्हाला लिहून देईल म्हणतो. — वेंगुर्ला

उत्तर : नको. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नाही आणि दुसऱ्याला पुढे करून घेणं हा गुन्हा आहे. त्याने लिहून दिलेला कागद घेऊन तुम्ही कोर्टात उभेच राहू शकत नाही. परदेशी माणसाला कॉन्डोमिनियममधला फ्लॅट मिळतो, तोही इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतचा कोटा शिल्लक असेल तर, आणि पैसे परकीय चलनात बाहेरून आल्याचं तिथल्या बँकेचं प्रमाणपत्र असेल तर.

याच पत्रात इतर देशांचं विचारलंय. कॅनडात परदेशी व्यक्तींच्या घरखरेदीवर १ जानेवारी २०२७ पर्यंत बंदी आहे, थोडे अपवाद सोडून. ऑस्ट्रेलियात ३१ मार्च २०२७ पर्यंत जुनी, वापरातली घरं परदेशी माणसाला मिळत नाहीत. सिंगापुरात २७ एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला ६० टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी आहे. पोर्तुगालमध्ये घर घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा २०२३ मध्येच बंद झाला, तरी त्याच्या जाहिराती अजून फिरतात. दुबईत २० लाख दिरहॅमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे. तो राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे.

प्रश्न : भाऊ लंडनला असतो, ब्रिटिश नागरिक आहे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) आहे. आमच्या वडिलोपार्जित बागेला लागून २० गुंठे कलमांची जमीन निघाली आहे. सातबाऱ्यावर वडिलांच्या पश्चात त्याचंही नाव आहे, म्हणजे तो शेतकरीच. त्याच्या नावाने घेऊ का? वहिनी इंग्लिश आहेत, त्यांचंही नाव घालायचं आहे. — गुहागर

उत्तर : इथे कुंपणं दोन आहेत, आणि तुम्ही एकच पाहिलंत. पहिलं राज्याचं : महाराष्ट्र कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची. ते तुमचा भाऊ ओलांडतो. दुसरं केंद्राचं : फेमाखालच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक यांना शेतजमीन, मळा-बागायत आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. भेट म्हणूनही घेता येत नाही. शेतकरी दाखला असला तरी नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जाईलही, कारण तिथे पासपोर्ट विचारला जाईलच असं नाही. पण दस्त नोंदला म्हणून फेमाचा भंग मिटत नाही. व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वडिलांकडून वारशाने आलेला हिस्सा मात्र पूर्णपणे त्याचा आहे. तो ठेवू शकतो. विकायचा झाला तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि राज्याच्या नियमाने तो शेतकरीही हवा. तुमच्या नावे हक्कसोड पत्र करून देऊ शकतो. ती जमीन खेडेगावात, नगरपालिका-नगरपंचायतीच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतराबाहेर (लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर) असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. तरीही खरेदीदार घाबरून टीडीएस कापतो. म्हणून आधी प्राप्तिकर खात्याकडून शून्य कपातीचं प्रमाणपत्र काढा. पैसे त्याच्या एनआरओ खात्यात येतील आणि वारशाचे कागद व सीएचं प्रमाणपत्र देऊन वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतील.

त्याला गावात घरच हवं असेल तर तयार घर, फ्लॅट किंवा रीतसर बिनशेती झालेला प्लॉट तो घेऊ शकतो. वहिनी भारतीय वंशाच्या नाहीत आणि ओसीआयही नाहीत, असं धरून : लग्न नोंदलेलं आणि दोन वर्षं टिकलेलं असेल तर त्या पतीबरोबर संयुक्त नावाने एक मालमत्ता घेऊ शकतात. पैसे बाहेरून बँकेमार्फत किंवा एनआरई-एनआरओ खात्यातून. सुट्टीत आणलेल्या पौंडांच्या नोटांनी नाही.

'बिनशेती' हा शब्द मात्र नीट तपासा. 'सी व्ह्यू एनए प्लॉट' अशा पाट्या लावून विकल्या जाणाऱ्या जागेचा सातबारा उघडला की पुष्कळदा शेतीचा आकार तसाच असतो आणि 'एनए प्रस्तावित' एवढंच तोंडी असतं. बिनशेती आकारणीचा आदेश किंवा सनद आणि मंजूर आराखडा हातात घ्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचं नाव, 'खाजगी वन' किंवा आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली) असा शेरा दिसला तर गावच्या तलाठ्याच्या 'काही होत नाही' या शब्दावर पुढे जाऊ नका. सिंधुदुर्गात वनसंज्ञेच्या शेऱ्याने कित्येक घरमालक अडकले आहेत. भोगवटादार वर्ग-२ असेल तर विक्रीलाच परवानगी लागते. आणि नावं मोजा : सातबाऱ्यावर अकरा नावं आणि सही करणारे चार, तर तुम्ही जमीन नव्हे, सामाईक हिस्सा घेताय. मोजणी करून कुठलं कलम कोणाचं ते ठरेपर्यंत पाय ठेवायला जागा नाही.

समुद्रापासूनचं अंतर भरतीरेषेपासून मोजतात, वाळूच्या कडेपासून नाही. ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचा नियम लागू होतो. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकाम जवळपास बंदच आहे. खाडीकाठाला वेगळी मर्यादा आहे. प्लॉट दाखवताना ओहोटीची वेळ निवडणारे विक्रेते असतात. तुम्ही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाऊन बघा.

भावाला सहीसाठी यायला जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून घ्यावं, किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का लावून घ्यावा. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत हुकली की दंड, आणि नोंदणीच्या दिवशीच ते लक्षात येतं. त्यात कामं एकेक करून लिहा : कुठला गट नंबर, कुठल्या दस्तावर सही, पैसे कुठल्या खात्यात. 'माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार' असं मोघम पत्र सख्ख्या भावालाही देऊ नये आणि सख्ख्या भावाने मागूही नये.

प्रश्न : पती दुबईत नोकरीला होते, तिथेच वारले. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. आम्ही मुसलमान आहोत. मी, दोन मुलगे, एक मुलगी. सासूबाई हयात आहेत, सासरे नाहीत. इथल्या वारस दाखल्यावर काम होईल का? — श्रीवर्धन

उत्तर : इथला दाखला सुरुवात आहे, शेवट नाही. फ्लॅट दुबईत असल्यामुळे वारस आणि हिस्से तिथलं कोर्ट ठरवतं, आणि त्या हुकमाशिवाय भूमी विभाग नावं बदलत नाही. तिथे नॉमिनीची सोय नाही. निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि वारस दाखला इथून पाठवताना अरबी भाषांतर लागेल. भारतीय कागद तिथे चालायला राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि शेवटी अमिरातीचं परराष्ट्र मंत्रालय, अशी शिक्क्यांची साखळी आहे. दाखल्यांवरची नावं पासपोर्टातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. निकाहनाम्यावर आडनाव नाही आणि पासपोर्टावर गावावरून पडलेलं आडनाव आहे, यात महिने जातात.

हिस्से शरियतप्रमाणे : तुम्हाला १/८, सासूबाईंना १/६, उरलेल्यात मुलग्याला मुलीच्या दुप्पट. चोवीस भाग केले तर तुमचे ३, सासूबाईंचे ४ आणि उरलेल्या १७ भागांचे पाच वाटे : दोन-दोन मुलग्यांचे, एक मुलीचा. कोणी अज्ञान असेल तर त्याचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हुकूम होईपर्यंत सोसायटीचा सर्व्हिस चार्ज आणि फ्लॅटवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता चालूच राहतो. तो थकू देऊ नका, त्यावर दंड चढतो आणि विक्रीला लागणारी एनओसी अडते.

हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती वाचकांसाठी : १ फेब्रुवारी २०२३ पासून अमिरातीत बिगर मुस्लिमांना वेगळा कायदा आहे. मृत्युपत्र नसेल तर निम्मं पती किंवा पत्नीला आणि निम्मं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. मूलबाळ असेल तर आई-वडिलांना यात काही मिळत नाही. ते मान्य नसेल तर मृत्युपत्र करून तिथेच नोंदवा. चिपळुणात वकिलाकडे करून कपाटात ठेवलेलं मृत्युपत्र दुबईच्या फ्लॅटपर्यंत पोचायला पुन्हा वरच्याच शिक्क्यांतून जावं लागतं.